नाकापेक्षा मोती जड

डार्लास्टनच्या मागल्या गल्लीत सात नंबरचं गॅरेज.
शटर अर्ध्यावर अडकतं, वाकून आत जायचं.
आत माझी शेव्हेट, एकोणऐंशी सालची,
रंग चहात बुडवून विसरलेल्या बिस्किटाचा.
बाराशे छप्पन्न सीसी.
सेजलीच्या चढावर अशी धापा टाकायची
की मागचे ट्रकवालेसुद्धा
हॉर्न न वाजवता सुतकात असल्यासारखे यायचे.

टिप्टनच्या भंगारात
पुढून चेपलेल्या एका ॲस्ट्राच्या पोटात
दोन लिटरचं इंजिन धडधाकट बसलेलं,
अपघातातून उठून
मला काही झालं नाही हो, म्हणणाऱ्या माणसासारखं.
एकशे ऐंशी पौंड. घासून एकशे साठ.
नेणार कसं, बाई?
म्हटलं, ग्लेनरॉय आहे.

ग्लेनरॉय बसडेपोत चाळीस वर्षं फिटर.
गुडघे गेले, कान शाबूत.
खुर्चीत बसून ऐकतो आणि हाताने दाखवतो,
हात मात्र माझे.
त्याला म्हण सांगितली, नाकापेक्षा मोती जड.
तो बॉनेटखाली बराच वेळ बघत राहिला.
म्हणाला, मग नाक बळकट करू.

कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यातून माउंटचा नमुना कापला,
मग सहा मिलिमीटरच्या पत्र्यातून.
तेलाचं भांडं आडव्या तुळईला अडत होतं,
ते कापलं, पुन्हा जोडलं, रॉकेल भरून रात्रभर ठेवलं.
सकाळी खाली वर्तमानपत्र कोरडं.
त्या दिवशी फार्मसीत मी
प्रत्येकाशी जरा जास्तच गोड बोलले.

टर्बो आला एका मेलेल्या साबमधून,
मुठीएवढी लोखंडी गोगलगाय.
बाहेर जाणाऱ्या धुरालाच कामाला लावायचं,
जाता जाता पंखा फिरव म्हणायचं.
आमच्या आईला हे आवडलं असतं.
ती तांदळाचं धुवणही फेकत नसे.
आणि ग्लेनरॉयने तीनदा बजावलं:
तेल वर चढवायला दाब असतो,
परत यायला फक्त उतार.
नळीला कुठेही पोक येऊ देऊ नको.

तुम्ही म्हणाल, परक्या देहात परकं काळीज,
अगं, ही तर आपलीच गोष्ट.
नाही. इंजिनाला गाव आठवत नाही.
त्याला पेट्रोल, हवा, ठिणगी,
आणि चार बोल्ट नीट आवळलेले हवेत.

पण मी घाई केली.
जाड गॅस्केट घालून दाब कमी कर, तो म्हणत होता.
मी म्हटलं, आधी एकदा चालवून बघू, घोडामैदान जवळच आहे.
सेजलीच्या अर्ध्या चढावर
आत कुणी खिळ्यांचा डबा हलवल्यासारखा आवाज,
आणि मागे पांढऱ्या वाफेचा पडदा.
दिवसभर दुसऱ्यांच्या गोळ्या मोजणारी मी,
माझ्याच पेशंटचा डोस चुकला होता,
पेट्रोल कमी, हवा जास्त.
ओढून आणताना दोरी धरलेल्या व्हॅनमध्ये
ग्लेनरॉय एक शब्द बोलला नाही.
बोलला असता तर बरं झालं असतं.

सहा आठवडे गेले. हेड उतरवलं, घासून घेतलं,
जाड गॅस्केट, थंड स्पार्कप्लग.
दरम्यान विमावाल्या मुलीचा फोन:
चेसिस नंबर तोच?
तोच.
क्षमता?
एकोणीसशे अठ्ठ्याण्णव.
टर्बो मूळचा?
नाही.
बदलाचं कारण?
नवऱ्यानेही विचारलं होतं हे, गेल्या दिवाळीत,
बस दाराशी येते म्हणून.
मी मुलीला म्हटलं, वैयक्तिक.
तिने टाइप केलेलं ऐकू आलं.

रविवार, सकाळचे सहा, रस्ता ओला.
तळापासून तिसरा गिअर. पाय दाबला.
काही नाही.
अजून काही नाही.
शेजारी ग्लेनरॉयने डोळे मिटले,
कान पुढे.
कुठूनतरी बारीक शीळ सुरू झाली